पायी जुन्या गोव्याला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा लागला की सावंतवाडी, बेळगाव, कारवारकडून पायी निघालेले गट गोव्याच्या हमरस्त्यांवर दिसायला लागतात. पुढे क्रूस धरलेला एखादा तरुण, मागे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत चालणारी माणसं आणि सगळ्यांच्या शेवटी हळूहळू येणारा टेम्पो. सगळे निघालेले असतात जुन्या गोव्याला, ‘गोंयच्या सायबा’च्या म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला (वार्षिक सणाला). यात ख्रिस्ती तर असतातच, पण नवस फेडायला आलेले हिंदूही असतात आणि त्याचं तिथे कुणाला नवल वाटत नाही.

यंदा पहिल्यांदाच जायचा विचार असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बूट कुठले, मुक्काम कुठे हे सगळं पुढे येईलच, पण माझा मुख्य रोख त्या शेवटच्या टेम्पोवर आहे. गाडी न काढता पायी निघालो म्हणजे आपल्याकडून निसर्गाचं काही बिघडत नाही, अशी चालणाऱ्याची समजूत असते. ती खरी नाही. टेम्पोत बाटलीबंद पाण्याचे खोके, थर्माकोलच्या थाळ्या आणि फरसाणाची पाकिटं भरलेली असली, तर तीन दिवसांत तो गट एखाद्या बसभर पर्यटकांपेक्षा जास्त कचरा रस्त्यावर सोडून जातो. यात्रा स्वच्छ होणार की नाही हे चालायला लागण्याआधी, सामान भरतानाच ठरतं.

कुणाच्या भेटीला चाललो आहोत

थोडी ओळख असलेली बरी. फ्रान्सिस झेवियर हे नवारे राज्यातले, जन्म १५०६ सालचा. १५४२ साली ते गोव्यात आले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर वारले. त्यांचा देह आधी मलाक्क्याला आणि तिथून १५५४ साली गोव्यात आणला गेला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. आज तो देह जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बॅसिलिकेत, म्हणजे खास मान असलेल्या मोठ्या चर्चमध्ये, गोव्याच्या कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत आहे. ही पेटी उंच समाधीवर ठेवलेली असल्यामुळे एरवी लांबूनच दर्शन होतं. दर दहा वर्षांनी ती खाली उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला, म्हणजे पुढचा २०३४ च्या सुमारास यायचा. ‘पेटी जवळून दिसेल’ या आशेवर यंदा निघू नका.

एक गोंधळ नेहमी होतो. पशुपक्ष्यांना भाऊबहीण म्हणणारे आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पर्यावरणाचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलेले ते असिसीचे संत फ्रान्सिस. आपले सायब वेगळे. निसर्गाशी त्यांचं नाव कुणी खास जोडत नाही. पण त्यांची समाधी मांडवीच्या काठी, तिवरांच्या आणि मिठागरांच्या शेजारी आहे. तिथे लाखो माणसं येणार म्हटल्यावर निसर्गाचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

तारीख

फेस्त ३ डिसेंबरला. त्याआधी २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर असे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, चालते. रोज पहाटेपासून मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) असतात आणि वेगवेगळ्या भाषांतल्या मिस्सांचं वेळापत्रक त्या त्या वर्षी जाहीर होतं. निघण्याआधी ते बघून घ्या.

माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला ३ तारखेचा हट्ट धरू नका. नोव्हेनाच्या मधल्या एखाद्या साध्या वारी पोहोचलात तर मिस्सा नीट ऐकता येते, शौचालयापुढे तासभर रांग लागत नाही आणि कचऱ्याच्या पिंपाला अजून तळ दिसत असतो. फेस्ताच्या दिवशी कितीही माणसं झाडायला लावली तरी दुपारपर्यंत पिंपं वाहायला लागतातच. तुमचा कागद पिंपात पडला तरी वाऱ्याने तो पुन्हा मैदानात येतो.

रस्ता

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी सोयीचा मार्ग सावंतवाडीचा. मुंबई, वसई, पुण्याकडच्या लोकांनी रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरावं आणि तिथून चालायला लागावं. बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, रिबंदर आणि मग जुनं गोवा. एकूण अंतर साधारण ६० ते ७० किलोमीटर. तीन दिवस धरा: पहिला मुक्काम पत्रादेवीच्या आसपास, दुसरा म्हापशात, तिसऱ्या दिवशी जुनं गोवा. रोज २० ते २५ किलोमीटर होतात. कागदावर हा आकडा मोठा वाटत नाही. डिसेंबरातसुद्धा दुपारी तिशीच्या वर जाणाऱ्या कोकणच्या दमट हवेत तो पुरेसा आहे.

म्हापशाला थांबलात तर मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मरिया मातेच्या, चर्चमध्ये जाऊन या. ही सायबिण आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी मानतात, आणि तिच्या फेस्ताला दोन्ही धर्मांची माणसं तेल वाहायला येतात. गोव्यातली भक्ती समजून घ्यायला याहून चांगलं ठिकाण नाही.

ज्यांना एवढं चालणं जमणार नाही त्यांनी फक्त शेवटचे दहा किलोमीटर, पणजी ते जुनं गोवा, चालावेत. अडीच-तीन तासांचं काम आहे. वयस्कर माणसांसाठी आणि मुलांसाठी हेच योग्य. त्याला कुणी ‘अर्धी यात्रा’ म्हणालं तर म्हणू द्या.

सराव किमान महिनाभर आधी सुरू करा. आठवड्यातून तीनदा सात-आठ किलोमीटर आणि दोन रविवारी सलग पंधरा. ज्या चपला-बुटांनी सराव केला तेच यात्रेला घाला, नवे कोरे बूट घरी ठेवा. पायमोजे सुती नकोत. घामाने ओले झाले की फोड येतात. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो रिबंदरपासून पुढे फेडावा असं माझं मत आहे. तापलेल्या महामार्गावर, काचा आणि खिळ्यांतून तीन दिवस अनवाणी चालण्याची मागणी सायबाने कुणाकडे केल्याचं ऐकिवात नाही.

टेम्पोत काय भरायचं

पाण्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त प्लास्टिक त्यातूनच येतं. चालणाऱ्या माणसाला दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागतं. ४० माणसांचा गट धरला तर रोजचे १६० लिटर. हे एक लिटरच्या बाटल्यांतून आणलं तर तीन दिवसांत ४८० बाटल्या होतात. तेच २० लिटरच्या जारमधून आणलं तर रोज आठ जार, आणि रिकामे जार परत करून भरलेले घेता येतात. म्हणजे मागे काहीच राहत नाही. वाटेतल्या गावांत जारवाला कोण आहे हे आधी फोन करून विचारून ठेवा. प्रत्येकाकडे स्वतःची स्टीलची बाटली हवी आणि ती नाव लिहिलेली हवी. चाळीस सारख्या बाटल्यांत आपली कुठली हे कळलं नाही की माणूस टपरीवरून नवी घेतो.

जारला तोटी लावलेला स्टँड न्या. जार वाकवून बाटली भरताना निम्मं पाणी सांडतं आणि मग ‘त्यापेक्षा बाटल्याच बऱ्या’ असं कुणीतरी म्हणतंच.

ताटं. प्रत्येकाने घरून स्टीलचं ताट, वाटी, पेला आणावा आणि स्वतः धुवावा. धुण्यासाठी दोन मोठे टब: एकात राखेचं किंवा साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. सांडपाणी विहिरीपासून आणि ओहोळापासून लांब, झाडाच्या बुंध्याशी ओता. हे जमत नसेल तर पळसाच्या किंवा सुपारीच्या पोफळीच्या पत्रावळी घ्या. बाजारात ‘कागदी’ म्हणून मिळणाऱ्या चकचकीत थाळ्या-द्रोणांवर प्लास्टिकचा थर असतो. ते कुजत नाहीत आणि जाळले तर धूर विषारी होतो. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि थर्माकोलची भांडी यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. दुकानदार हातावर ठेवतो म्हणून ती कायदेशीर होत नाहीत.

खाण्यात कोरडं आणि सुटं आणा: चिक्की, भाजलेले शेंगदाणे, खजूर, चणे-गूळ, दशम्या. डब्यातून आणा, पाकिटातून नको. बिस्किटाचा मोठा पुडा घरीच फोडून डब्यात भरला की शंभर छोटे कागद वाटेवर उडायचे थांबतात. लिंबू-साखर-मीठ एका बरणीत कालवून न्या. तेच पाण्यात टाकलं की सरबत होतं आणि थंड पेयाच्या बाटल्यांचा खर्चही वाचतो.

टेम्पोत दोन गोण्या कायम बांधलेल्या हव्यात: एक ओल्या कचऱ्याची, एक कोरड्याची. त्यांच्यावर एक जबाबदार माणूस नेमा. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही. मी पाहिलेल्या चांगल्या गटांत हे काम तरुण पोराकडे नव्हतं. सगळ्यांना दरडावू शकेल अशा एखाद्या मावशीकडे होतं.

ज्येष्ठांचा विरोध

हा टप्पा बहुतेक मार्गदर्शक लेखांत नसतो, पण खरी अडचण इथेच येते. गेली वीस वर्षं गट नेणारे काका म्हणतात, ‘आम्ही प्रार्थनेला चाललोय, ताटं धुवायला नाही.’ त्यांच्याशी वाद घालू नका. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ च्या जून महिन्यात आलं. पृथ्वीला त्यांनी आपलं सामाईक घर म्हटलं आहे. त्यातला २११ वा परिच्छेद वाचून दाखवा. अगदी घरगुती गोष्टी आहेत त्यात: प्लास्टिक आणि कागद टाळणं, पाणी कमी वापरणं, कचरा वेगळा करणं, खाऊन संपेल तेवढंच रांधणं, सार्वजनिक वाहनाने जाणं. अशा लहान कृतींतून माणसातलं चांगलं बाहेर येतं, असं तिथे म्हटलं आहे. काकांना हे फादरच्या तोंडून ऐकवता आलं तर अधिक चांगलं, म्हणून निघण्याआधीच्या रविवारी फादरना प्रवचनात दोन वाक्यं घालायची विनंती करा.

वसईकरांना तर दूर जायची गरज नाही. हरित वसईचं आंदोलन एका धर्मगुरूने, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी, उभं केलं होतं. वसईच्या विहिरी, वाड्या आणि केळीच्या बागा बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून लोक रस्त्यावर आले. तेच दिब्रिटो पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठी ख्रिस्ती माणसाला पर्यावरण हा बाहेरून आलेला विषय वाटायचं काहीच कारण नाही.

आणि आषाढी वारी केलेले कुणी गटात असतील तर त्यांना बोलू द्या. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर ‘निर्मल वारी’ची फिरती शौचालयं आल्यापासून गावांचं काय झालं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांचा शब्द चटकन पटतो.

चालताना

पहाटे निघा, पण अंधारात हमरस्त्यावर उतरू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजता मावळतो. उजेड फुटताच निघून साडेअकरापर्यंत मोठा पल्ला उरकायचा, मग सावलीत जेवण आणि झोप, साडेतीनला पुन्हा चाल. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकेरी रांगेत चालावं. पुढच्या आणि शेवटच्या माणसाने चमकणारं जाकीट घालावं.

लाउडस्पीकरबद्दल थोडं कडक बोलतो. टेम्पोवर भोंगा लावून भक्तिगीतं वाजवत जाण्याची पद्धत पडली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा त्याला कायद्याने मनाई आहेच, पण दिवसाही तो नको. रोझरी ही तोंडाने म्हणायची गोष्ट आहे. चाळीस माणसं एका लयीत म्हणत निघाली की तिला भोंगा लागत नाही. शाळा, दवाखाना, दुसऱ्या धर्माचं देऊळ आलं की आवाज आणखी उतरवा.

कागदी झेंडे आणि पताका झाडांना, खांबांना बांधत जाऊ नका. मागून येणाऱ्यांना वाट दाखवायची असेल तर वळणावर एक माणूस थांबवा.

मुक्काम

वाटेतल्या चर्चच्या सभागृहात, शाळेत किंवा चॅपेलच्या ओसरीवर जागा मिळते, पण महिनाभर आधी त्या चर्चच्या फादरना पत्र लिहायला हवं. माणसं किती, त्यात बायका किती, किती वाजता पोहोचणार, जेवण स्वतः करणार का, हे सगळं कळवा. सोबत आपल्या धर्मग्रामाच्या (म्हणजे आपल्या गावच्या चर्चच्या) फादरचं पत्र असलं की काम सोपं होतं. सकाळी निघताना ओसरी झाडून, मोरी धुवून, दिवे-पंखे बंद करून निघा. पुढच्या वर्षी तुम्हाला तिथे जागा मिळेल की नाही हे त्यावर ठरतं.

शौचाचा विषय लाजून सोडून देण्यासारखा नाही. आधी पेट्रोल पंप, चर्च, शाळा यांची यादी करा आणि थांबे त्यांच्या हिशेबाने ठरवा. अगदीच वेळ आली तर विहीर, ओहोळ, शेततळं यांपासून किमान ६० मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून, नंतर माती लोटून बुजवायचं. त्यासाठी टेम्पोत दोन खुरपी ठेवा. ओले टिश्यू मातीत कुजत नाहीत, ते परत आणायचे. सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा वेगळा डबा आणि जुनी वर्तमानपत्रं बायकांच्या हाती असावीत. कुणाला विचारावं लागू नये.

घाटातून येणार असाल तर

बेळगावकडून चोर्ला घाटाने येणाऱ्यांचा रस्ता म्हादई अभयारण्याच्या परिसरातून जातो, अनमोड घाटाने आलात तर मोल्यांच्या जंगलातून. इथले नियम वेगळे. शेकोटी आणि चूल बिलकूल नको. पाऊस संपून दोन महिने झालेले असतात, गवत वाळायला लागलेलं असतं. माकडांना केळी घालू नका. एकदा सवय लागली की ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. उरलेलं अन्नही जंगलात ‘प्राण्यांसाठी’ ठेवायचं नाही. हा पट्टा दिवसाउजेडी पार करा आणि शांतपणे करा.

रिबंदरचा बांध

शेवटच्या दिवशी पर्वरी उतरल्यावर मोठ्या पुलांच्या भानगडीत न पडता बेतीला या आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडून पणजीत उतरा. पायी माणसाला तिकीट लागत नाही आणि थकलेल्या पायांना दहा मिनिटं विसावा मिळतो.

पणजीतून पुढे रिबंदरला जाणारा रस्ता हा सतराव्या शतकात, १६३३-३४ मध्ये पोर्तुगीजांनी घातलेला बांध आहे, तीन किलोमीटरहून थोडा लांब. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि तिवरं. पूर्ण यात्रेतला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात नाजूक तुकडा हाच. नेमक्या इथे गट रेंगाळतो, फोटो काढतो, शेवटची पाकिटं फोडतो.

इथे टाकलेल्या पाकिटाचं काय होतं ते सांगतो. मांडवीला इथे भरती-ओहोटी आहे. नदी वाहत समुद्राला जाते म्हणून कचराही जाईल, असं होत नाही. भरतीचं पाणी तो उचलून पुन्हा आत, तिवरांत आणून सोडतं. तिवरांच्या चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडं चिखलातून बोटाएवढी मुळं वर काढून श्वास घेतात. ओहोटीला खाली बघा, हजारो दिसतील. प्लास्टिकची पिशवी त्या मुळांवर बसली की ती गुदमरतात. याच मुळांत मासे आणि कोळंबी वाढतात, म्हणजे पणजीच्या बाजारातली मासळीही. त्यामुळे बांध सुरू होण्याआधी, पणजीतच, गोण्यांवरच्या मावशींनी सगळ्यांचे खिसे रिकामे करून घ्यावेत.

वेळ असेल तर रिबंदरहून फेरीने पलीकडच्या चोडण बेटावर जाऊन या. तिथे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सगळं मिळून दोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही, पण तिवरांमधून चालायला पायवाट आहे.

बॅसिलिकेपाशी

पोहोचल्याबरोबर रांगेत घुसू नका. आधी सावलीत बसा, पाणी प्या, पाय धुवा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. चालताना घातलेली अर्धी चड्डी आत चालत नाही.

बॅसिलिकेचं काम १५९४ साली सुरू झालं आणि १६०५ साली ती वापरात आली. जुन्या गोव्यातली चर्चेस १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बॅसिलिकेच्या लाल भिंती बघून अनेकांना वाटतं की ती मुळातच अशी बांधली. तसं नाही. ती जांभ्याची आहे आणि वर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकला गेला. जांभा सच्छिद्र दगड. कोकणात चिऱ्याचं घर ज्यांनी बांधलंय त्यांना सांगायला नको की उघडा चिरा पावसात किती पाणी पितो. तेव्हापासून दर पावसाळ्यात या भिंती झिजत आल्या आहेत. म्हणून भिंतीला टेकून बसणं, नाणी रुतवणं, नावं कोरणं, कोपऱ्यात मेणबत्ती चिकटवणं हे काही करू नका. इथे आपण देवळाबरोबर एक म्हातारी इमारतही सांभाळतो आहोत.

मेणबत्तीबद्दल लोकांच्या भावना तीव्र असतात, तरी बोलायला हवं. बाहेरच्या गाड्यांवर मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मिळतात. बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत, ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या त्या आठवड्यात, हीच प्रथा तुम्ही पाहिली असेल. तिथे स्वतःच्या उंचीएवढी मेणबत्ती वाहणारेही असतात. आजचं हे मेण बहुतेक मधमाश्यांचं नसतं, खनिज तेलातून निघालेलं पॅराफिन असतं. हजारो मेणबत्त्या एकत्र जळल्या की काजळी धरते. जागा नसल्यामुळे अर्ध्या तर पेटवल्याबरोबर विझवून बाजूला ठेवाव्या लागतात.

यावर मधला मार्ग असा: गटाची मिळून एक मेणबत्ती, ठरवून दिलेल्या जागीच लावायची आणि प्रत्येकाने तिला हात लावायचा. वैयक्तिक नवस असेल तर लहानशी घ्या आणि ती प्लास्टिकच्या वेष्टनातली नको, सुटी मागा. उरलेले पैसे दानपेटीत टाका. गाडेवाल्या बाईचं पोट त्यावर आहे हेही खरं, म्हणून तिच्याकडून काहीच घेऊ नका असं मी म्हणणार नाही. तिच्याकडून फुलं घ्या. अबोलीचे वळेसर आणि झेंडूचे हार असतात. केळीच्या सोपटात किंवा सुती दोऱ्यात ओवलेले बघून घ्या. जरीची आणि प्लास्टिकची चकमक लावलेले हार निर्माल्यात गेले की ते वेगळं करत बसायचं काम सफाईवाल्यांच्या गळ्यात पडतं.

फेरी आणि परत

दर्शन झालं की फेस्ताच्या फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, फिरायला हरकत नाही. खाजं घ्या. मालवणच्या जत्रेत मिळतं तेच, आल्या-गुळाच्या पाकातलं बेसनाचं खाजं. काड्यो-बोड्यो, भाजलेले चणे, लाडू असतात. सगळं ढिगातून तोलून मिळतं, म्हणून घरून आणलेला डबा आणि कापडी पिशवी पुढे करा. दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही, पिशवीचे पैसे वाचतात म्हणून खूशच होतो.

परतीला कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन सगळ्यात जवळ आहे, दोन-तीन किलोमीटरवर. तिकिटं फार आधी काढावी लागतात. पणजीला जायचं असेल तर कदंबच्या बसेस फेस्ताच्या काळात सतत सुटत असतात. घरच्यांना न्यायला गाडी घेऊन बोलावू नका. जुन्या गोव्याच्या अरुंद रस्त्यांवर त्या दिवशी गाड्यांचीच सगळ्यात मोठी गर्दी होते, आणि पायी आल्याचा सगळा हिशेब तिथे उलटा होतो.

गाडीला वेळ असेल तर करमळी स्टेशनाजवळच्या तळ्यावर जाऊन बसा. शेतीसाठी बांधलेलं जुनं तळं आहे. या दिवसांत तिथे पाणपक्षी दिसतात: अडई, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या. काठावर खाऊ नका आणि दगड मारून पक्षी उडवणाऱ्या पोरांना आवरा.

घरी आल्यावर

गोण्या टेम्पोतच विसरून जाऊ नका. कोरडा कचरा भंगारवाल्याकडे किंवा नगरपालिकेच्या केंद्रावर द्या, जार परत करा, टब धुवून ठेवा. दोन-चार दिवसांत पाच-सहा जणांनी बसून एका वहीत लिहून काढा: कुठे पाणी मिळालं, कुठलं शौचालय बंद होतं, किती जार लागले, कुठला पदार्थ उरला. मुक्काम देणाऱ्या प्रत्येक फादरना फोन करा. ती वही पुढच्या वर्षीच्या गटप्रमुखाकडे जाईल.

नवस म्हणून झाड लावायची कल्पना हल्ली बऱ्याच गटांत निघते. कल्पना चांगली आहे, पण डिसेंबरात चर्चच्या आवारात रोप लावून फोटो काढू नका. एप्रिलपर्यंत ते वाळून गेलेलं असतं. जून लागू द्या, पहिले दोन पाऊस पडू द्या, मग आपल्याच गावात रातांबा, जांभूळ, आंबा किंवा वड लावा. लावण्याआधी वहीत दोन नावं लिहून घ्या: गुरांपासून कुंपण कोण घालणार आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार. नावं मिळत नसतील तर एकच रोप लावा.